स्कूबी-डूसारखा रहस्याचा पत्त्यांचा खेळ घरी कसा बनवायचा?

तुमचा प्रश्न असा, की मुलांना स्कूबी-डू या कार्टून मालिकेचं वेड लागलंय, सुट्टीत ती गावी येणार आहेत, तर त्या मालिकेवरून घरच्या घरी पत्त्यांचा खेळ बनवता येईल का आणि त्यात आपल्याकडची भुतं कशी बसवायची. नक्की बनवता येतो. वेंगुर्ल्याला आमच्या घरी मे महिन्यात पोरांचा गोतावळा जमतो, तेव्हा पडवीत बदामसात आणि झब्बूच्या जोडीला हाच खेळ रंगतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. भूत गुपित ठेवू नका, भुतामागचं कारण गुपित ठेवा. असे खेळ बनवताना ‘भूत कोणतं ते ओळखा’ इथेच बरेच जण थांबतात आणि मग खेळ पाठांतराचा होतो. मालिकेचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. ती 13 सप्टेंबर 1969 रोजी अमेरिकेत सुरू झाली. हॅना-बार्बेरा कंपनीसाठी जो रूबी आणि केन स्पीयर्स यांनी ती रचली आणि इवाओ ताकामोतो यांनी त्यातल्या स्कूबी या कुत्र्याचं रूप काढलं. त्या काळी मुलांच्या कार्टूनमधल्या मारामारीवर तिकडचे पालक नाराज होते. म्हणून भीती तर हवी, पण हाणामारी नको, अशी ही गोष्ट आली. पहिल्याच भागात काळ्या चिलखतातला शूरवीर लोकांना घाबरवतो आणि शेवटी तो निघतो संग्रहालयाचाच माणूस, चित्रांच्या नकला करून अस्सल चित्रं लांबवणारा. लोक घाबरले तर फायदा कोणाचा, हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला पाहिजे. खेळ त्यासाठीच.

आता पानं. तीन गट करा, प्रत्येकी सहा पानांचे: माणूस, कारण आणि युक्ती. आमच्या गटात माणसं आहेत कलमांचा ठेकेदार, मुंबईहून आलेला चाकरमानी, खानावळीच्या काकी, रिक्षावाला, पोस्टमन आणि दशावतारातला नट. कारणं अशी: हापूसची चोरी, खाडीतला रात्रीचा वाळूउपसा, पावसाळी बंदीतली मासेमारी, सामाईक घराची वाटणी, जमीन स्वस्तात लाटणं, पुरलेलं धन. युक्त्यांमध्ये पेट्रोमॅक्सची बत्ती, पांढरी चादर, बांबूचे उंच पाय, झाडावर लपवलेला भोंगा, जुनं जाळं आणि समुद्राचा निळा उजेड. हा उजेड आमच्या किनाऱ्यावर कधीकधी खरोखर दिसतो. नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव लाटेबरोबर चमकतात. आमच्या पोरांना हे पान सगळ्यात आवडतं, कारण त्यात खोटं काहीच नाही, फक्त त्याचा गैरफायदा घेणारा माणूस आहे.

प्रत्येक गटातलं एक पान न बघता पाकिटात घालायचं. उरलेली पंधरा पिसून वाटायची. तिघं असतील तर पाच-पाच, पाच जण असतील तर तीन-तीन, चौघं असतील तर तीन-तीन वाटून उरलेली तीन मधोमध उघडी. आपल्या पाळीला तीन नावं घ्यायची, उदाहरणार्थ ‘ठेकेदार, वाळू, बत्ती’. डावीकडच्याकडे त्यातलं एखादं पान असेल तर त्याने ते फक्त विचारणाऱ्याला दाखवायचं, नसेल तर प्रश्न पुढच्याकडे. ज्याने जे पाहिलं ते त्याने आपल्या वहीत खोडायचं. जाणकार ओळखतीलच, ही क्लुएडोची पद्धत आहे. इंग्लंडच्या अँथनी प्रॅट यांचा हा खेळ 1949 मध्ये बाजारात आला. त्यात एकवीस पानं आणि 324 शक्यता असतात. आपल्या अठरा पानांच्या 216 होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एवढ्या पुरतात आणि डावही जेवणाच्या आधी आटोपतो.

भुतांची सहा पानं वेगळी ठेवायची आणि डाव सुरू होताना त्यातलं एक उघडायचं. ते भूत त्या डावाचा नियम बदलतं. इथे कोकण खरं कामाला येतं. मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणून त्याच्या डावात प्रश्न फक्त डावीकडच्या शेजाऱ्यालाच, त्याच्याकडे नसलं तर पाळी संपली. हडळीचे पाय उलटे, तेव्हा पाळी उजवीकडून फिरते. चकवा माणसाला वाट चुकवतो, म्हणून दर फेरीनंतर प्रत्येकाने आपलं एक पान डावीकडे सरकवायचं. कोणाकडे काय होतं त्याचा मेळ लागेनासा होतो, पण पाकिटातली तीन पानं हलत नाहीत. ज्याला हे कळतं तो चकव्यातही जिंकतो. खवीस, गिरा आणि जखीण यांचे नियम मुलांनाच ठरवू द्या. त्यांना गोष्टी माहीत असतात आणि नियम त्या गोष्टींतूनच निघतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. वेताळ आणि देवचार यांना भुतांच्या पानांवर आणू नका. आमच्या तालुक्यात आरवलीला वेतोबा ग्रामदैवत आहे, लोक त्याला चपलांचे जोड वाहतात, केळ्यांचे घड नवस म्हणून देतात. कित्येक वाड्यांत देवचार राखणदार मानला जातो. ज्यांच्यापुढे घरातली मोठी माणसं हात जोडतात, त्यांना मुखवटा ठरवणं बरं नाही. दुसरं म्हणजे माणसांच्या पानांवर गावातल्या खऱ्या कोणाचं नाव नको. खेळात चोर ठरलेलं नाव मुलांच्या डोक्यात राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसासमोरच बोललं जातं.

खेळणाऱ्याला भूमिका द्यायची तर मालिकेतलीच पाच पात्रं घ्या. प्रत्येकाला डावात एकदाच वापरायची शक्ती. फ्रेडला सापळे लावायची हौस, म्हणून तो कोणालाही थेट विचारू शकतो आणि त्या माणसाला तिन्हींपैकी असतील ती सगळी पानं दाखवावी लागतात. वेल्माच्या नजरेतून काही सुटत नाही, तेव्हा दुसऱ्याला दाखवलेलं पान तिलाही बघता येतं. डॅफ्नी चुकून गुप्त दारात जाऊन पडते, तिने कोणाच्याही हातातलं एक पान ओढायचं, बघायचं, परत द्यायचं. शॅगी ‘पळालो!’ म्हणून एका प्रश्नातून सुटतो, पान असो वा नसो. स्कूबीला खाऊ मिळाला की धीर येतो. त्याने शेजाऱ्याला मालवणी खाजाचा तुकडा द्यायचा आणि जादा प्रश्न विचारायचा.

आता या खेळातला माझा सगळ्यात आवडता भाग. उत्तर सापडलं असं वाटलं की खेळाडूने नुसती तीन नावं घ्यायची नाहीत. उघड्या भुतासकट पूर्ण गोष्ट सांगायची. पोस्टमनला घराच्या वाटणीत काय रस? भोंगा त्याने कुठल्या झाडावर बांधला? मुंजाच का निवडला? मग पाकीट उघडायचं. पानं जुळली तर दोन गुण, गोष्ट बाकीच्यांना पटली तर आणखी एक. चुकला तर त्याने पुढे फक्त पानं दाखवायची. आमच्याकडे पाकीट उघडताना सगळे एका सुरात ‘भूत नाय रे, माणूस आसा!’ असं ओरडतात, शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्यानं. इथल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. रात्री दशावतारात राक्षस होऊन आरोळ्या ठोकणारा सकाळी त्यांना बाजारात मासे घेताना दिसतो.

बनवायला सोपं पडावं म्हणून पत्त्यांचा जुना कॅट घ्या आणि त्यावर कागद चिकटवून चित्रं काढा. तीन गटांची अठरा, भुतांची सहा आणि पात्रांची पाच अशी एकूण एकोणतीस पानं लागतात, एका कॅटमध्ये भागतं आणि पाठी सारख्या राहतात. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा जाड असतो, पण प्रत्येकीची पाठ निराळी, मुलं दोन डावांत पानं ओळखायला लागतात. रंगांची युक्ती सावंतवाडीच्या गंजिफ्यावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांवरून घ्या. दशावतारी गंजिफ्यात बारा-बारा पानांचे दहा संच, म्हणजे 120 गोल पानं असतात आणि संच पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगावरून ओळखू येतो. तसंच आपल्याही तीन गटांना तीन रंग द्या, वाचता न येणारं लहान भावंडही मग सोबत बसतं. मुलं गावात असतील तर सावंतवाडीच्या राजवाड्यात नेऊन पानं रंगवताना दाखवा, परत आल्यावर ती स्वतःच्या पानांवर किती मन लावून काम करतात बघा. पावसात आमच्याकडे कागद दमट होऊन वळतो, म्हणून पानं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

दोघंच खेळणार असतील तर पाच-पाच पानं वाटा आणि उरलेली पाच मधे पालथी मांडा. समोरच्याकडे विचारलेलं काहीच नसलं, तर मधलं एक पान फक्त स्वतः बघून परत पालथं ठेवायचं. शॅगीला या डावात घेऊ नका, तो पळाला की विचारायला दुसरं कोणी उरत नाही.