मैत्रिणीचं घर रोजच्या वाटेवर आहे

«ताई, मी ३८ वर्षांची आहे. रस्ता संपतो तिथे आमची वस्ती, मोठं रुग्णालय अडीच तासांवर. सहा वर्षांपूर्वी आम्हा चौघांना प्रथमोपचाराचं आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबत राहण्याचं, प्रशिक्षण मिळालं. दोघं वस्ती सोडून गेले, एकाचे गुडघे गेले, उरले मी. पाच आठवड्यांपूर्वी रात्री माझ्या जिवलग मैत्रिणीचा फोन आला: ‘हे घोरल्यासारखं करताहेत, पण उठत नाहीत.’ मी धावत गेले. तिचा दीर आणि मी आळीपाळीने पन्नास मिनिटं छाती दाबत होतो. बरगडी मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळं संपलं होतं. चार दिवसांनी एक पथक आलं, आम्हाला गोल बसवलं, प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि निघून गेलं. त्यानंतर मला जास्तच त्रास होतोय. फोन वाजला की धस्स होतं. झोप नाही. मैत्रीण समोर आली की मान वळवते, मीही वाट बदलते. सगळे म्हणतात, तू धीराची आहेस. मला हे काम सोडायचंय, पण मी सोडलं तर आहे कोण? औषधांच्या कपाटाची किल्लीसुद्धा माझ्याकडेच असते. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. मला ‘तू’ म्हणा, बरं वाटेल. – एक थकलेली»

थकलेल्या माझ्या बाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळींपाशी थांबले. म्हणून सुरुवातही तिथूनच करते. सकाळी जाग येऊ नये असं वाटतं म्हणतेस. मी सरळ विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, केव्हा, इथपर्यंत विचार जातो का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी तो शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचा कोंडलेला श्वास मोकळा होतो, हे मी पाहिलंय.

उत्तर ‘हो’ असेल तर ते आजच्या आज एका माणसाला सांग आणि रात्री एकटी झोपू नकोस. उत्तर ‘नाही, नुसता थकवा आहे’ असं असलं तरी एक काम आजच करायचंय. त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेव. कारण सांगायची गरज नाही, ‘महिनाभर तुमच्याकडे राहू दे’ एवढं पुरे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार काही ठरतं. रुग्णालय अडीच तासांवर असलेल्या ठिकाणी तर जास्तच. श्रीलंकेने १९९५ साली अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आलं. माणसांची दुःखं काही संपली नव्हती, विष तेवढं हातापासून लांब गेलं होतं. तुझ्या किल्लीचंही तेच. (भारतातून हे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात असे विचार असतील, तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.)

आता त्या रात्रीबद्दल. ‘माझ्याकडून काही चुकलं का’ असं तू कुठेही लिहिलं नाहीस. पण बरगडीच्या आवाजाचा उल्लेख केलास, त्यात तो प्रश्न आहे.

नीट खोलवर छाती दाबली की पुष्कळदा बरगड्या मोडतात. पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? तो आवाज तुझ्या हातात जोर होता याची खूण आहे. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा असं शिकवतात, कारण त्याहून जास्त वेळ खोली टिकत नाही. तुम्ही दोघांनीच पन्नास मिनिटं ते निभावलं. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी, छाती न उघडता बाहेरून दाबूनही रक्त फिरतं ठेवता येतं, हे जगापुढे मांडलं. पण कितीही उत्तम दाबलं तरी नेहमीच्या पाव ते एकतृतीयांशच रक्त फिरतं. सीपीआर वेळ विकत घेतं. तो वेळ कुणासाठी? शॉक देणाऱ्या यंत्रासाठी, औषधांसाठी, डॉक्टरसाठी. हृदयाची लय शॉकने सुधारण्याजोगी बिघडलेली असेल, तर सीपीआर आणि शॉक दोन्हींविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. सीपीआर चालू असलं की ती घट मंदावते, पण थांबत नाही. तुझ्या वस्तीत ते यंत्र नाही, असं पत्रावरून दिसतं. जिथे यंत्रं आहेत, रुग्णवाहिका काही मिनिटांत पोचते, अशा मोठ्या शहरांतसुद्धा रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांपैकी साधारण एकच जण घरी परततो. त्या रात्री अंतर जिंकलं, तुझ्या हातांत काही कमी नव्हतं.

मी पंधरा वर्षं वॉर्डात नर्स होते. माझ्या हाताखाली माणसं गेली. अशा रात्री मीही रडले. पण पाळी संपली की मी घरी जायचे आणि गेलेल्या माणसाचं घर माझ्या वाटेवर नसायचं. त्याची बायको मला पाणी भरताना दिसायची नाही, त्याची मुलं माझ्या मुलांच्या वर्गात नव्हती. तुला हे सगळं रोज आहे. दुर्गम भागात उपचार करणाऱ्याला परका रुग्ण मिळतच नाही. हे दुःख वेगळं आहे आणि शहरात लिहिलेल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा नाही. लोक ‘धीराची आहेस’ म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, पण त्या शब्दाने तुझं तोंड बंद होतं. धीराच्या बाईने कुणापुढे रडायचं?

त्या पथकाबद्दल मला राग आला, तो लपवत नाही. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून एकाच बैठकीत सगळं पुन्हा उगाळायला लावणं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, त्याने पुढचा मानसिक आघात टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच त्यासाठी ते वापरू नये असं सांगितलंय. त्या बैठकीनंतर तुझा त्रास वाढला असेल तर त्यात तुझा नाजूकपणा नाही. अशा वेळी जे करायला हवं ते फार साधं असतं. माणूस सुरक्षित आहे ना, त्याला आत्ता कशाची गरज आहे ते बघायचं, तो बोलेल तेवढंच ऐकायचं, न बोलल्यास खोदायचं नाही आणि पुढची मदत जिथे मिळेल तिथे त्याला जोडून द्यायचं. तुझ्या बाबतीत हे शेवटचंच राहून गेलं. ते आले, ऐकलं, गेले.

तर ते आता आपण करू. फोनच्या आवाजाने धस्स होणं, झोप उडणं, वाट बदलणं, हे पहिल्या काही आठवड्यांत खूप जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं. महिना उलटूनही ते तसंच असेल किंवा वाढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला दाखवायचं. तुला पाच आठवडे झालेत. म्हणजे थांबून बघायची मुदत संपली. आघातावरच काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारे संवादातून होणारे उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणं) अशा उपचारपद्धती आहेत, त्या व्हिडिओ कॉलवरूनही देता येतात. एक अट मात्र मी घालेन: तुझ्या वस्तीच्या ओळखीतला कुणी नको. तुम्हा सगळ्यांना ओळखणाऱ्या माणसापुढे तू अर्धंच बोलशील.

तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत, आणि नंतरही, एक ऐकणारं माणूस हवं. ते डॉक्टर असायला हवं असं नाही. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या एका तरुण रुग्णाला पुन्हा तपासणीला यायचं होतं, पण बसभाड्याला पैसे नव्हते, आणि तिने जीव दिला. त्यानंतर, २००६ साली, त्यांनी हरारेच्या एका वस्तीत चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. ज्याला ‘कुफुंगिसिसा’ होतंय, म्हणजे विचारांनी डोकं खाल्लंय, त्याने आजीशेजारी येऊन बसायचं आणि आपली अडचण सांगायची. २०१६ साली या बाकाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर बसलेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेला होता. मला या गोष्टीतलं बसभाडं विसरता येत नाही. उपचार नाहीत म्हणून नव्हे, उपचारापर्यंतचा रस्ता नाही म्हणून माणूस जातो. तुझ्यासाठी बाक फोनवर असेल. तुझ्याबरोबर शिकलेले ते दोघं, जे वस्ती सोडून गेले, त्यांना हे काम माहीत आहे आणि आता ते लांबही आहेत. त्यांच्यातल्या एकाला रात्री फोन कर.

आता तुझा प्रश्न: सोडू का?

आज कायमचं सोडू नकोस, आणि चालूही ठेवू नकोस. तीन महिन्यांची रजा घे. तोंडी नको, लेखी दे. ज्यांनी तुम्हाला प्रशिक्षण दिलं त्यांना आणि वस्तीच्या जबाबदार माणसांना, ‘अमुक तारखेपर्यंत माझ्या नावाने फोन करू नये’ असं कळव. त्याच कागदात चार मागण्या लिही. निदान चौघांना नव्याने प्रशिक्षण, हाकेला नेहमी दोघांनी मिळून जायचं, शॉक देणारं यंत्र, आणि अशा प्रत्येक घटनेनंतर पडताळणी करायला नव्हे तर विचारपूस करायला फोन करणारं एक माणूस. हे शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात १९२८ साली जॉन फ्लिन यांनी विमानाने डॉक्टर पाठवायला सुरुवात केली, त्याचं कौतुक सगळे करतात. पण दुसऱ्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांचे पायाने पेडल मारून चालवायचे रेडिओ त्या एकाकी घरांत पोचू लागले, ते मला विमानाइतकंच मोलाचं वाटतं. विमान रोज लागत नाही. ‘मी इथे आहे, बोला’ असं म्हणणारा आवाज रोज लागतो.

त्या तीन महिन्यांत कुणाला काही झालं तर? हा प्रश्न तुला रात्री छळणार, म्हणून आत्ताच बोलते. होऊ शकतं. होणारच नाही असं खोटं मी तुला सांगणार नाही. पण पाच आठवडे न झोपलेली, फोनच्या आवाजाने थरथरणारी बाई आणीबाणीत किती उपयोगी पडेल, याचा हिशोबही प्रामाणिकपणे कर. आणि अख्ख्या वस्तीचा जीव ज्या यादीवर टांगलाय तिच्यात एकच नाव असेल, तर चूक यादी करणाऱ्यांची आहे. तीन महिन्यांनी परत यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर नवीन लोकांना शिकव, किंवा काहीच करू नकोस. सहा वर्षं दिलीस.

शेवटी तुझी मैत्रीण. मला वाटतं, झोपेइतकंच हेही तुला खातंय.

तिचं फोनवरचं वाक्य मी पुन्हा वाचलं: ‘घोरल्यासारखं करताहेत, पण उठत नाहीत.’ तू प्रशिक्षित आहेस, तुला माहीत आहे ते काय असतं. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस अधूनमधून घशातून घरघर करत हवा ओढतो. तो श्वास नसतो. पण बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, झोपेत घोरताहेत, थोडं थांबू. शिकलेसवरलेले लोक फसतात, कधी कधी आरोग्य कर्मचारीही फसतात. आता तिच्या जागी उभी राहून बघ. तुला फोन करायच्या आधी ती किती वेळ थांबली होती? दोन मिनिटं? पाच? ते तिला माहीत आहे, आणि तुला ते कळलं असेल याची तिला भीती आहे. तू समजतेस, ती तुला दोष देते म्हणून मान वळवते. मला उलट दिसतंय. तिला वाटत असेल, तू तिला दोष देतेस. तू वाट बदललीस की तिला ते खरंच वाटतं.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. म्हणून तिच्याकडे जाऊन या घरघरीचं शास्त्र सांगायला बसू नकोस. जी शंका तिच्या मनात नसेल ती तू पेरशील. नुसती जा. दिवसाउजेडी, एकटी, हातात किट न घेता. ‘मला त्यांना वाचवता आलं नाही, आणि मला तुझी फार आठवण येते’ एवढं म्हण. त्या घरात शिरताना त्या रात्रीच्या जागेकडे बघवणार नाही कदाचित. मग तिला बाहेर बोलाव, दुसरीकडे बसा. रडू आलं तर येऊ दे. ती काहीच बोलली नाही तर थोडा वेळ बसून ये आणि आठवड्याने पुन्हा जा.

आणि कधीतरी, त्या दिवशी किंवा सहा महिन्यांनी, तिने विचारलं की ‘मी लवकर फोन केला असता तर?’, तेव्हा मात्र तिच्याशी अगदी खरं बोल. घरघर म्हणजे काय ते सांग. ती ओळखायला तुला प्रशिक्षण घ्यावं लागलं, तिने कुणाकडून ओळखायला शिकायचं होतं, हे सांग. तिने फोन केला, तू धावलीस, दिराने साथ दिली, आणि रुग्णवाहिका अडीच तासांच्या वाटेवर होती. हे तिला सांगू शकेल असं वस्तीत दुसरं कुणी नाही.

किल्ली दिलीस की मला दोन ओळी लिही. ते पत्र मी छापणार नाही.

तुझी ताई