जंगल म्हणजे झाडी नव्हे, पडीक रान

प्रश्न असा आला आहे: ‘ब्रिटनमधल्या अंडरग्राउंड डान्स म्युझिकवर मराठीत लेख लिहितोय. त्याला भूमिगत नृत्यसंगीत म्हणावं का? जंगल, गॅरेज, डबस्टेप, ग्राइम या नावांची भाषांतरं करावीत का? आणि यापुढे जो नवा प्रकार येईल त्याला काय म्हणायचं?’

भूमिगत म्हणू नका. हा शब्द हल्ली जिथे तिथे वाचून माझं डोकं उठतं. मराठीत ‘भूमिगत’ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: बेचाळीसचे कार्यकर्ते आणि नगरपालिकेची गटार योजना. भूमिगत माणूस स्वतःला लपवतो. लंडनची ही पोरं स्वतःला लपवत नव्हती, ज्यांना ऐकायचं होतं त्यांच्यापर्यंत पोचायला धडपडत होती. शब्द लागू पडलाच तर फक्त त्यांच्या बेकायदा रेडिओला पडेल, कारण उंच इमारतींच्या गच्चीवर ॲन्टेना लपवून, छापा पडला की जागा बदलून ती केंद्रं चालत. आपल्याकडे उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1942 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला, तो खरा भूमिगत. बाकीच्या संगीताला सरळ ‘अंडरग्राउंड’च लिहा. मराठी शब्द हवाच असेल तर एक सुचवतो, पण आधी ‘जंगल’कडे येऊ द्या. खरी गंमत तिथे आहे.

बहुतेक लेखांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘घनदाट अरण्यासारखा गुंतागुंतीचा ताल, म्हणून नाव जंगल.’ हे चूक आहे, आणि मराठी माणसाने लिहिलं की दुप्पट चूक आहे, कारण मूळ शब्द आपल्या घरातला. संस्कृत ‘जाङ्गल’ म्हणजे झाडी नव्हेच. चरकसंहितेच्या विमानस्थानात व्याख्या स्वच्छ दिली आहे: ‘अल्पोदकद्रुमो यस्तु प्रवातः प्रचुरातपः’. पाणी थोडं, झाडं थोडी, वारा भरपूर, ऊन भरपूर, तो जांगल देश. दाट झाडीचा, पाणथळ, कोंदट प्रदेश तो ‘आनूप’, म्हणजे नेमका उलटा. महाभारतातलं कुरुजांगल आठवा. बिकानेरचे राजे ‘जंगळधर बादशाह’ म्हणवून घेत, ते वाळवंटाच्या काठावर बसून. तिथे कसलं घनदाट अरण्य?

इथे कोणीतरी हमखास म्हणतं की जंगल हा फारसी शब्द, ‘जंग’ म्हणजे युद्ध यावरून आलेला. नाही. फारसीत तो इथूनच गेला आणि तिथे त्याला वनाचा अर्थ चिकटला. ‘जंग’शी त्याचं नातं लावणं म्हणजे ‘रानडे’ आडनाव ‘रानडुक्कर’वरून आलं म्हणण्यासारखं आहे.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हाही झाडीच्या अर्थाने आला नाही. 1776 साली नॅथॅनिएल हॅलहेडने हिंदू कायद्याच्या संहितेचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यात जमिनीच्या वर्गवारीत सांगितलं आहे की पाच वर्षं पडून राहिलेली जमीन म्हणजे जंगल. इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पडून राहिलेली जमीन! आपल्या ‘रान’ शब्दाची हीच तऱ्हा. अरण्य, प्राकृतात रण्ण, मराठीत रान. पण गावाकडे ‘बा रानात गेलाय’ म्हटलं तर तो वाघाच्या मागे गेलेला नसतो, शेतात असतो. रान नांगरतात, रान पेरतात, आणि पेरलं नाही तर रान पड ठेवतात. पड ठेवलेल्या रानात आधी हराळी येते, मग बाभळी, मग बोरी. जांगल आणि रान या दोन्ही शब्दांना माणसाने सोडून दिलेल्या जमिनीचा वास आहे.

आता लंडन. 1991-92 च्या सुमारास तिथे हे संगीत आकाराला आलं आणि नाव पडलं जंगल. नाव कुठून आलं यावर तीन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, गोऱ्यांनी काळ्यांच्या संगीताला दिलेली ही जुनी हिणवणी आहे. 1920 च्या दशकात हार्लेमच्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टनच्या वादकांच्या शैलीला ‘जंगल’ म्हणत हे खरं, त्या नावामागची तुच्छताही खरी. पण लंडनच्या पोरांनी शब्द तिथून उचलला नाही. दुसरा आणि तिसरा पक्ष दोघेही जमैकाची राजधानी किंग्स्टन हिचं बोट धरतात, फक्त वस्ती वेगळी सांगतात. जमैकाच्या साउंड सिस्टिमच्या, म्हणजे फिरत्या स्पीकरांवर रेकॉर्ड वाजवणाऱ्या मंडळींच्या कॅसेटींवरून ‘जंगलिस्ट’, म्हणजे ‘जंगल’ नावाच्या वस्तीतला, हा पुकारा लंडनला पोचला. एक म्हणतात ही वस्ती टिव्होली गार्डन्स, दुसरे म्हणतात आर्नेट गार्डन्स. टिव्होलीवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे: मग आर्नेट गार्डन्सच्या फुटबॉल संघाला आजही ‘जंगलिस्ट्स’ का म्हणतात? आर्नेट गार्डन्सला लोक ‘जंगल’ म्हणत, काँक्रीटचं जंगल. सरकारने बांधलेली आणि सरकारनेच वाऱ्यावर सोडलेली वस्ती. हॅलहेडची पाच वर्षं पडलेली जमीन समुद्र ओलांडून किंग्स्टनला गेली, तिथून कॅसेटवर बसून लंडनला आली. मला हा प्रवास वेड लावतो.

म्हणून माझं म्हणणं असं की या संगीताची बाकीची नावंही पडीक जागेचीच आहेत. गॅरेज हे नाव न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरच्या पॅरडाइज गॅरेज या क्लबचं. 1977 ते 1987 लॅरी लेव्हन तिथे रेकॉर्ड वाजवत असे, आणि इमारत मुळात मोटारी ठेवायची. ग्राइम म्हणजे अंगावर, भिंतीवर बसलेला काजळीचा मळ. लंडनच्या वायली या कलाकाराने 2004 साली एक गाणं काढलं, त्याचा विषयच हा की आमच्या या संगीताला म्हणायचं तरी काय. तो स्वतः ‘एस्की’ म्हणत होता. लोकांनी ऐकलं नाही, मळच ठेवला. संगीत आधी उगवतं, नाव मागून येतं, आणि बहुधा निर्मात्याच्या मनाविरुद्ध येतं.

संगीत समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी या सगळ्याला ‘हार्डकोर काँटिन्यूअम’ म्हटलं आहे, म्हणजे हार्डकोर (जंगलच्या आधीचा प्रकार), जंगल, गॅरेज, ग्राइम, डबस्टेप अशी एकच वाहती धार, जिला बेकायदा रेडिओ, ताज्या कापलेल्या तबकड्या आणि माइकवर बोलत राहणारा एमसी यांनी जोडून ठेवलं. त्यांचा व्यासंग मोठा आहे, जोडणारी यंत्रणाही त्यांनी अचूक दाखवली. पण ‘धार’ हे रूपक चुकलं. धार मागच्या पाण्याने पुढे जाते. इथे दर वेळी नवं उगवलं ते आधीच्या प्रकाराने मोकळ्या सोडलेल्या जागेत. आणि ही मोकळी जागा मी तालातच दाखवू शकतो.

जंगलचा बहुतेक सगळा डोलारा एका तुकड्यावर उभा आहे. 1969 ची द विन्स्टन्सची तबकडी, ड्रमवर ग्रेगरी कोलमन, चार आवर्तनांचा एकट्या ड्रमचा तुकडा, उणीपुरी सात सेकंदं. पहिली दोन आवर्तनं सरळ. तिसऱ्यात तो स्नेअरचा, म्हणजे कडकडीत वाजणाऱ्या ड्रमचा, एक ठोका उशिरा टाकतो. चौथ्यात पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो, मग आडवेतिडवे ठोके आणि अपेक्षेआधीच झांज. तबला शिकलेल्यांनी हे पुन्हा वाचा: समेवर खाली! जिथे सगळ्यात जड ठोका यायचा तिथेच त्याने रान पड ठेवलं. लंडनच्या पोरांनी सॅम्पलरवर, म्हणजे आवाजाचे तुकडे कापून वाजवणाऱ्या यंत्रावर, त्या तुकड्याच्या चिंध्या केल्या, मिनिटाला 160-170 ठोक्यांपर्यंत पळवल्या, त्या रिकाम्या मात्रेला हवं तिथे नेऊन बसवलं. त्या सात सेकंदांवर इतकं उभं राहिलं आणि कोलमनच्या हाती छदाम पडला नाही, याची चुटपुट मला प्रत्येक वेळी ऐकताना लागते.

पुढेही हेच झालं. हाउस या नृत्यसंगीतात दर मात्रेला धप्प, चारही ठोके भरलेले. लंडनच्या गॅरेजवाल्यांनी नव्वदीच्या शेवटी चारांतले एकदोन काढून घेतले, त्यातून टू-स्टेप निघालं आणि चाल एकदम लचकू लागली. मग दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या पोरांनी आणखी उपसलं. वेग 140 चा, पण स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे कानाला तो 70 वाटतो. मधल्या मोकळ्या जागेत नुसता बेस बसवला. ते डबस्टेप. 2005 च्या आसपास लंडनमध्ये ब्रिक्स्टनच्या डीएमझेड या क्लब-रात्रीला किंवा शोरडिचच्या प्लास्टिक पीपल या क्लबमध्ये लोक काळोखात उभे राहून तो बेस छातीत झेलत.

जाता जाता: आपल्याकडे ‘डीजे लावला’ म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरांची भिंत. यावर भाषाशुद्धीवाले फार चिडतात. चिडू नका. जमैकात रेकॉर्ड लावणारा तो ‘सिलेक्टर’ आणि त्यावर बोलणारा तो ‘डीजे’. ब्रिटनमध्ये लावणारा डीजे आणि बोलणारा एमसी. आपण भिंतीलाच डीजे केलं. तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

तर पुढे काय? आजची अवस्था बघा. जुनं सगळं पुन्हा पेरलं जातंय आणि पीक जोमदार आहे. 2022 मध्ये एलायझा रोझ आणि इंटरप्लॅनेटरी क्रिमिनल यांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं. निया आर्काइव्ह्जच्या जंगलच्या अल्बमला 2024 च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत जागा मिळाली. स्पीड गॅरेज आणि बेसलाइन हे गॅरेजचे प्रकार, जंगल, सगळं परत आलं आहे. पण कान देऊन ऐका: सगळं भरलेलं आहे. दर मात्रेला ठोका, दर ठोक्यामागे आवाज. एकही गुंठा मोकळा नाही. अशा भरलेल्या रानात नवं उगवत नाही, कोणीतरी तुकडा पड ठेवावा लागतो. म्हणून माझा अंदाज असा की पुढचा प्रकार वेगाने नव्हे, वजाबाकीने येईल. दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो लंडनमध्ये घरोघरी पोचलं आहे. वेग 112 च्या आसपास, तळाचं काम लॉग ड्रम या यंत्रावरच्या बेसच्या घुमाऱ्याकडे, आणि मधे श्वास घ्यायला भरपूर जागा. त्या मोकळ्या जागेत जंगलचे तुटलेले ठोके विरळ करून पेरले तर काय निघेल, ते मला ऐकायचं आहे.

दुसरी पडीक जागा खरोखरची जागा. गोदामं, तळघरं, रिकामे बंगले हे लंडनमध्ये उरले नाहीत, भाव परवडत नाहीत. प्लास्टिक पीपल 2015 च्या जानेवारीत बंद झालं. लंडनचं रेडिओ केंद्र रिन्स एफएम 1994 पासून बेकायदा चालत होतं, त्याला 2010 मध्ये परवाना मिळाला, म्हणजे तेही रान लागवडीखाली आलं. त्याच 1994 साली कायद्याने उघड्यावरच्या रेव्हवर, म्हणजे रात्रभराच्या नाचमेळाव्यांवर, बंदी आणताना ‘एकामागून एक येणारे, पुनरावृत्त ठोके’ अशी संगीताची व्याख्या करून ठेवली होती, तेव्हापासून उघडं माळरानही बंद. मग उरतं काय? दिवसाची वेळ. ऐंशीच्या दशकात रात्री घराबाहेर पडायची मुभा नसलेली दक्षिण आशियाई मुलं भर दुपारी भांगड्याच्या पार्ट्या करत, त्यांना ‘डेटायमर’ म्हणत. 2020 मध्ये सुरू झालेल्या डीजेंच्या एका ब्रिटिश-आशियाई गटाने मुद्दाम तेच नाव घेतलं. पुढचं बी दुपारी रुजेल असं मला वाटतं, आणि लंडनबाहेर.

आता मूळ प्रश्नाची उत्तरं. नावं भाषांतरित करू नका. ‘अरण्यसंगीत’ आणि ‘काजळी संगीत’ लिहिलंत तर वाचक नाही तिथे हसतील. गॅरेजला गॅरेजच लिहा, ब्रिटिश बोलतात तेही ‘गॅरिज’च्या जवळ आहे. अंडरग्राउंडला मी सुचवणार होतो तो शब्द ‘आडरानातलं’: वाटेपासून बाजूला, पण लपलेलं नाही, जाणाऱ्याला सापडणारं. लिंग सगळ्यांना नपुंसक ठेवा, जंगल वाजलं, ग्राइम वाजलं, कारण मागे ‘संगीत’ दडलेलं आहे. पुढे जे नाव येईल त्यालाही तेच लिंग चालेल.