किमोआधी गोठवलेलं वीर्य भारतात किती वर्षं ठेवता येतं? धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे.

कायद्यातला आकडा 10 वर्षांचा, पण तो स्वतःसाठी ठेवलेल्या नमुन्याला लागतोच असं नाही, ते शेवटी लिहिलंय. 2021 चा एआरटी कायदा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा कायदा, 25 जानेवारी 2022 पासून लागू. मुदत संपली की नमुना नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर संमतीने संशोधनाला द्यायचा. पण माझ्या भावाचा नमुना चौथ्याच वर्षी गेला आणि तो कायद्यामुळे गेला नाही, म्हणून लिहितेय.

2015 साल. तो 23 चा, हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मामा म्हणाले, "आधी जीव वाचू दे, पोराबाळांचं नंतर." मी आईला न सांगता नाशिकच्या शालिमारहून रिक्षा केली आणि त्याला एका सेंटरवर नेलं. लॅबमधल्या ताईंनी टाकीचं झाकण उचलून दाखवलं. पांढरी वाफ कडेवरून खाली उतरली. आत उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात पेनच्या रिफिलीएवढ्या आमच्या दोन पिवळ्या नळ्या. परतताना सीबीएस बसस्टँडला त्याने मिसळ मागितली. आजार कळल्यापासून स्वतःहून मागितलेलं ते पहिलं खाणं.

फॉर्मवर मोबाइल नंबर अण्णांचा, म्हणजे वडिलांचा टाकला, तिथेच चुकलं. तीन वर्षं नूतनीकरणाचे पैसे मी भरले. मग लग्न होऊन पुण्याला आले, बाळंतपणात तारीख विसरले. सेंटरचे मेसेज अण्णांना येत राहिले, शेवटी पत्रही आलं. अण्णा कुणाला बोलले नाहीत. ते पत्र मला पंचांगामागच्या खिळ्याला, लाइटबिलांत टोचलेलं सापडलं. तोवर नळ्या काढून टाकल्या होत्या. "पोरगा बरा झाला, आता घरात असले विषय कशाला?" हे अण्णांचं उत्तर. सेंटरनेही एक फोन भावाला करायला हवा होता, केसपेपरवर त्याचा नंबर होता. किमोनंतरच्या तपासणीत शुक्राणू शून्य आले.

तेव्हा नंबर भावाचा द्या, दुसरा तुमचा. पावत्या त्याच्याकडेच राहू द्या. मृत्यूनंतर नमुन्याचं काय करायचं, तो रकाना त्यालाच भरू द्या, कितीही अवघड वाटलं तरी. कॅन्सरने गेलेल्या मुलाचा नमुना मिळवायला एका आईवडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं होतं, निकाल 2024 मध्ये लागला.

आणि 22 वर्षांच्या मुलाला 10 वर्षं लावली तर तो अन्याय आहे. बरं व्हायचं, नोकरी लागायची, लग्न जमायचं, सगळं बत्तिशीच्या आत? इंग्लंडने जुलै 2022 मध्ये ही मुदत 55 वर्षांपर्यंत नेली, दर 10 वर्षांनी संमती नवी करायची एवढंच.

एक राहिलं. आपल्या कायद्यातलं ते 10 वर्षांचं वाक्य दात्याचं बीज (वीर्य किंवा स्त्रीबीज) आणि गोठवलेला गर्भ (भ्रूण) यांच्याबद्दल आहे. स्वतःसाठी ठेवलेल्या नमुन्याला सेंटर काय मुदत लावतं, ते सही करण्याआधी लेखी घ्या.

किमोची तारीख पडायच्या आत जा. घरात कोणी "आत्ता ते कशाला" म्हणालं तर परवानगी मागत बसू नका. तो सज्ञान आहे, सही त्याची लागते, अण्णांची नाही.