वीणा गळ्यात घेताना कुठं लागतो आत्मविश्वास?

"मॅडम, आत्मविश्वास कसा वाढवायचा?" भाविक घरातली मुलं हा प्रश्न जरा अपराधी चेहऱ्यानं विचारतात. एक तर भीती वाटते, वर देवावर श्रद्धा असून भीती वाटते, म्हणजे श्रद्धाच कच्ची की काय, ही दुसरी धास्ती. परभणीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या अशाच एका मुलीची गोष्ट तिच्या परवानगीनं, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

मुलगी गंगाखेडकडची, २२ वर्षांची. आळंदीला राहून कीर्तन शिकलेली, पाठांतर चोख. गावाकडच्या एका हरिनाम सप्ताहात नमनाचे अभंग झाले, निरूपणाला तोंड उघडायचं आणि घसाच बंद. समोर मांडी ठोकून बसलेले एक म्हातारे महाराज आधीच म्हणाले होते, "कालची पोरगी, तिला कसला अधिकार?" त्यात कुणीतरी मोबाइल धरलेला. "हातपाय कापायलेत, मृदंग कुठं वाजायलाय तेच कळंना." कसंबसं उरकलं. पुढच्या तारखा वडिलांनी तब्येतीचं कारण सांगून रद्द केल्या.

घरच्यांचं एकच, कॉन्फिडन्स ठेव. मावसभावानं व्हिडिओ पाठवले, त्यात आरशासमोर उभं राहून 'मी उत्तम कीर्तनकार आहे' असं रोज म्हणायला सांगितलेलं. ती म्हणायची, आणि आतून उत्तर यायचं, नाहीस. (या आरशाच्या उपायाचा मला मनस्वी राग आहे. स्वतःबद्दल शंका असलेल्याला आणखी स्वतःकडेच बघायला लावायचं, हा कुठला इलाज?) घाबरलेल्या माणसाचं लक्ष आधीच आत वळलेलं असतं. आवाज कापला का, लोक हसले का. ते बाहेर वळवणं हे आमचं नेहमीचं काम, पण कुठं वळवायचं ते ज्याच्या त्याच्या घरात शोधावं लागतं.

मी विचारलं, "लहानपणी सप्ताहात वीणा घेतलीस कधी?"

"घेतली की. सातवीत होते."

आणि ती खुलली. सप्ताहभर वीणा खाली टेकत नाही; पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटेच्या पहाऱ्याला हिनं ती घेतली, तर आधीचे विणेकरी, ऐंशीला टेकलेले आबा, गुडघ्यावर हात देत वाकले आणि हिच्या पाया पडले. एरवी ज्यांच्या धाकानं पोरं गल्ली बदलायची ते आबा!

"तेव्हा भीती नाही वाटली?"

"कशाला वाटंल? ते माझ्या थोडेच पाया पडले, वीणेच्या पडले."

"मग कीर्तनाला उभी राहतेस ती गादी कुणाची?"

"नारदाची," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली. "मी ती माझीच समजून बसले की ओ!"

महाराजांचा टोमणा मात्र सलत होता. औंढा नागनाथला संत नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरलं, ही कथा तिनंच सांगितली. मी एवढंच विचारलं, स्वतःचा अधिकार सिद्ध करायला नामदेवांनी त्यात काय केलं? काहीच नाही. कीर्तन चालू ठेवलं. देऊळ फिरवणं त्यांच्याकडं नव्हतंच.

'देव बघून घेईल' म्हणत पाठांतर सोडणारेही येतात. त्यांना मी वहीकडं परत धाडते. हिच्याशी ठरलं ते साधं होतं. उभं राहण्याआधी गादीला नमस्कार करताना श्वास सावकाश सोडायचा आणि मनात म्हणायचं, "बोलवणारा तू." जीभ अडली तर नामाचा गजर धरायचा, टाळकरी उचलतातच. सुरुवात गावच्याच मंदिरात, एकादशीला. तिची झोप-जेवण उडालं असतं किंवा अशी धडधड एरवीही होत असती, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं असतं. गोळी घेतली म्हणून देवावरचा विश्वास कमी होत नाही.

एकादशीला ती दुसरं चरण विसरली. 'विठ्ठल विठ्ठल' धरलं, टाळ चढले, तेवढ्यात चरण आठवलं. हात अजून कापतात म्हणते. परवा आली तेव्हा भीतीचा विषयच निघाला नाही. पुरुष महाराजांना पाकीट आणि आपली बोळवण साडी-नारळावर का, यावर ती सगळा वेळ तावातावानं बोलत होती.