प्रश्न तुमचे : बेसबॉलमधला व्हेनेझुएलाचा आऊटफिल्डर मधेच का अडकतो?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचे डबल-ए (सर्वोच्च अशा मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचे) बेसबॉल सामने आम्ही बघतो. दोन्ही संघांत व्हेनेझुएलाची बावीस-तेवीस वर्षांची मुलं असतात. ती इथवर येतात कशी?

उत्तर: 16 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मेजर लीगच्या क्लबशी करार होत नाही, आणि सह्यांचा मोसम 15 जानेवारीला उघडतो. तोंडी बोलणी मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच होतात. पहिला घात तिथेच होतो. मुलाची वाढ अपेक्षेप्रमाणे झाली नाही की क्लब शब्द फिरवतो. परदेशी मुलांवर किती खर्च करायचा याला प्रत्येक क्लबला कमाल मर्यादा असल्यामुळे तोवर इतर क्लबांची रक्कमही संपत आलेली असते. 10,000 डॉलरपर्यंतचा बोनस या मर्यादेत धरत नाहीत. मागे राहिलेल्या मुलांना असेच छोटे करार मिळतात. त्यातूनही मुलाला तयार करणाऱ्या अकादमीचा प्रशिक्षक आपला वाटा कापून घेतो.

व्हेनेझुएलातली समर लीग 2015 च्या हंगामानंतर बंद पडली. त्यामुळे पहिला हंगाम डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, मग फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीगमध्ये (क्लबांच्या सराव केंद्रांवरच्या लीगमध्ये), पुढे सिंगल-ए आणि हाय-ए. डबल-ए ही पाचवी पायरी. 2023 च्या कामगार करारानुसार डबल-एचा वार्षिक पगार 30,250 डॉलर ठरला, त्यावरच्या ट्रिपल-एचा 35,800. डॉमिनिकन लीगमधल्या मुलांना तो करार लागू नाही.

प्रश्न (सांगली): मैदानात मागच्या बाजूला तिघेच उभे असतात. मधला खेळाडू डावीकडे नेला तर एवढं काय बिघडतं?

उत्तर: स्पॅनिशमध्ये आऊटफिल्डरला ‘हार्दिनेरो’ म्हणतात, म्हणजे माळी. पण या बागेतल्या तिन्ही जागांना सारखं मोल नाही. सोळाव्या वर्षी चाचणीत 60 यार्डांची, म्हणजे साधारण 55 मीटरची धाव घड्याळ लावून बघतात. 6.7 सेकंदांच्या आसपास पळणाऱ्याला सेंटर फिल्ड, म्हणजे मधली जागा मिळते. सेंटर फिल्डर दोन्ही बाजूंचे झेल गाठतो, म्हणून त्याची फलंदाजी मध्यम असली तरी चालते.

अठरा-वीसच्या वयात अंग भरतं, मांड्या जड होतात आणि पहिलं पाऊल उशिरा पडतं. मग हात भक्कम असेल तर राइट फिल्ड, कारण तिथून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक लांब असते. नसेल तर लेफ्ट. या दोन्ही कोपऱ्यांत क्लबला होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे जाणारे फटके हवे असतात. त्याच सुमारास डबल-एचे पिचर (चेंडू टाकणारे) समोर येतात. फलंदाजाला हमखास सरळ वेगवान चेंडू अपेक्षित असतो, तेव्हाही ते वळणारा चेंडू टाकतात. दोन्ही ओझी एकदमच अंगावर येतात, आणि आमच्या मते बहुतेकांचं इथेच फसतं. त्याला ‘फलंदाजी येत नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. सेंटर फिल्डमध्ये तीच फलंदाजी पुरली असती.

नियमांचं घड्याळही चालूच असतं. अठरा किंवा त्याआधी सही केलेल्याला पाच हंगामांनंतर क्लबच्या 40 जणांच्या मुख्य यादीत घेतलं नाही, तर ‘रूल फाइव्ह’ निवडीत दुसरा क्लब 1,00,000 डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एकच: पुढचा पूर्ण हंगाम त्याला मेजर लीगच्या संघातच ठेवायचं. नाही ठेवलं, तर आधी इतर क्लबांना विचारायचं आणि कोणी घेतला नाही तर निम्म्या रकमेला मूळ क्लबपुढे ठेवायचं. माराकाइबोचा एंदेर इन्सियार्ते 2012 मध्ये ॲरिझोनाकडून फिलाडेल्फियाकडे असाच गेला आणि 2013 मध्ये परत आला. 2014 मध्ये त्याने ॲरिझोनाकडून पदार्पण केलं, आणि 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षं अटलांटाकडून गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला, तोही सेंटर फिल्डमध्ये. लहानपणी सही केलेला कोणत्याच यादीत आला नाही, तर साधारण सात हंगामांनी तो मोकळा होतो.

प्रश्न (नाशिक): क्लबने सोडलं की सगळं संपलं का?

उत्तर: नाही. ऑक्टोबर ते जानेवारी व्हेनेझुएलात आठ संघांची हिवाळी लीग असते. फॉर्म दाखवायला ती चांगली जागा. दुसरी वाट अमेरिकेतल्या स्वतंत्र लीगची, म्हणजे मेजर लीगच्या क्लबांशी न जोडलेल्या संघांची. वालेन्सियाचा डेव्हिड पेराल्टा सेंट लुईसकडे डावखुरा पिचर होता. खांद्याच्या शस्त्रक्रियांनंतर क्लबने त्याला सोडलं. आऊटफिल्डर होऊन तो स्वतंत्र लीगमध्ये खेळला. 2013 मध्ये ॲरिझोनाने त्याला अमारिलोच्या संघातून घेतलं, 2014 च्या जूनमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि 2019 मध्ये लेफ्ट फिल्डचा गोल्ड ग्लोव्ह त्याच्या हाती आला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता.