एक खाडा पडला की मी सगळंच सोडते

रत्नागिरीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांची ही तक्रार असते. चालणं, योगासनं, डायरी, काहीही हौसेने सुरू होतं. एक खाडा पडला की संपलं. मग प्रश्न येतो, ‘माझ्यात चिकाटीच नाही का हो?’

नीताताईंच्या (नाव आणि काही तपशील बदललेत) बाबतीत ते ओरिगामीचं चॅलेंज होतं. महिनाभर रोज कागदाची एक नवी वस्तू घडवायची आणि फोटो स्टेटसला टाकायचा. महिना नेमका जुलै. दहा दिवस पार पडले. अकराव्या दिवशी धो धो पाऊस, तिन्हीसांजेपासून लाईट नाही, त्यात सासूबाईंना ताप. बाराव्या दिवशी कागद हातात घेतला, पण ‘आता काय उपयोग’ म्हणून परत ठेवून दिला. नवरा म्हणाला, “झालं? मला माहीतच होतं.” ते वाक्य त्यांना फार लागलं होतं.

मी आधी झोप, भूक, मन कशात रमतं का, हे विचारून घेतलं. दोन आठवडे सलग सगळ्यातलाच रस गेला असेल, तर तो चिकाटीचा प्रश्न नसतो. डॉक्टरांना दाखवावं, निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर बोलावं. ताईंचं तसं नव्हतं. मासळीबाजारातली घासाघीस त्यांनी मला रंगवून सांगितली.

पुढच्या वेळी त्यांना केलेल्या वस्तू घेऊन यायला सांगितलं. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक टेबलावर आली. पहिल्या दिवसाची होडी कडक. क्रेन पक्ष्याची मात्र मान लुळी पडलेली, चोच उघडून दोन पदर सुटलेले. कागद बोटांनी चोळून पाहिला, तर पार सादळलेला.

“कागद ठेवता कुठे?”

“शोकेसमध्ये. का?”

अकिरा योशिझावा (१९११–२००५) या जपानी कलावंताने कागद मुद्दाम ओलसर करून घडवण्याची पद्धत रुजवली, पण तिला जाड कागद लागतो. पातळ रंगीत कागदाला आपल्या आषाढातला दमटपणा सोसत नाही. ताई मात्र दोष आपल्या हातांना देत होत्या. शिवाय रोज आधीपेक्षा अवघड काहीतरी निवडायचं, रात्री उशिरापर्यंत जागून पुरं करायचं. खाडा अकराव्या दिवशी पडला, पण जीव त्याआधीच मेटाकुटीला आला होता.

मी त्यांना एक अभ्यास सांगितला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला होता. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नव्हतं. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे गणित विसरा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

“म्हणजे महिन्यात सवय लागलीच पाहिजे असं नाही?”

“नाही.”

ताई जरा चिडल्याच. एवढे दिवस उगाच जीव टांगणीला लावला म्हणून.

मग खाड्याची तरतूद आधीच केली. कागद पापड-फेण्यांच्या हवाबंद डब्यात गेला. वाईट दिवसासाठी नवीन काही नाही; क्रेन जिथून सुरू होतो ती चौकोनी पायाघडी फक्त करायची, मेणबत्तीच्या उजेडातही दोन मिनिटांत होते. स्टेटस बंद करायला मात्र त्या तयार होईनात. “लोक विचारतील ना!” माझ्या मते खरी गोम तिथेच होती. घडी जमली की नाही यापेक्षा साखळी तुटलेली कोण बघतंय, याचाच त्यांना घोर होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर फोटो फक्त बहिणीला पाठवायचे, यावर तोडगा निघाला. नवऱ्याला मी बोलावलं नाही. ‘असं बोललात की मला लागतं,’ हे ताईंनी स्वतःच त्यांना सांगायचं ठरवलं, आणि सांगितलंही. त्यांचा स्वभाव काही बदललेला नाही.

महिना मधल्या मोकळ्या दिवसांसकट पुरा झाला. पुढच्या महिन्यात ताईंनी चॅलेंज घेतलं नाही, गणपतीच्या मखरासाठी कागदाची कमळं केली. जपानी ओरिगामीकार तोशिकाझू कावासाकींच्या पद्धतीचा गुलाब अजून जमत नाही. तो शिकायचा की सोडून द्यायचा, हे दिवाळीनंतर बघू म्हणतात.