दहावीच्या मुलांचे निबंध एआयकडून तपासून मार्क दिले तर काय बिघडतं?

मार्कांसाठी वापरू नका, बाकी खुशाल वापरा. तुम्ही लिहिलंय की शाळेत नवीनच लागलोय, वह्यांचा ढीग उरकत नाही, फोटो काढून एआयला टाकले आणि ते देईल ते मार्क लिहिले तर काय बिघडलं. काय बिघडतं ते सांगते, पण तुमची अडचण खरीच आहे. मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत 19 वर्षं मराठी शिकवतेय. तीन तुकड्या, एकेकीत साठेक पोरं, म्हणजे 180 वह्या झाल्या, एका निबंधाला 5 मिनिटं धरली तरी 15 तास, आणि ते 15 तास आणायचे कुठनं? मग मी पण सगळे करतात तेच करायची, पहिला परिच्छेद वाचायचा, शेवट बघायचा, मधे दोन-तीन लाल गोल मारायचे आणि खाली 'छान, अक्षर सुधारा' लिहून सही ठोकायची. त्याला तपासणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

तर गेल्या वर्षी मीपण फोटो टाकून बघितले. एक फुकटातलं चॅटबॉट होतं. पहिला निबंध टाकला, 10 पैकी 7. दुसऱ्या दिवशी तोच फोटो परत टाकला तर 8. मग गंमत म्हणून त्याच निबंधाच्या शेवटी एक सुविचार आणि दोन 'खरोखरच' चिकटवले, तर 9 आले की! म्हटलं हे आमच्यासारखंच आहे, शेवट बघून मार्क देतंय.

हे काही आजचं नाही हां. कॉम्प्युटरनं निबंध तपासायचं खूळ 1966 पासूनचं आहे, अमेरिकेत एलिस पेज नावाच्या प्राध्यापकानं प्रोजेक्ट एसे ग्रेड नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं, ते निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्द किती मोठे असलं काहीतरी मोजून मार्क सांगायचं. पुढं 1999 पासून एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत माणसाबरोबर मशीनपण निबंध तपासायला लागलं. आणि 2014 साली अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवलेले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन असा एक प्रोग्रॅम बनवला की त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त पण शून्य अर्थाचा निबंध लिहून द्यायचा, आणि मार्क देणारी मशीन त्याला भरभरून मार्क द्यायची. आताचं एआय स्वल्पविराम मोजत बसत नाही हे मान्य, पण निबंधासारखं दिसणारं काहीतरी समोर आलं की ते खूश होतं, हा माझा तरी अनुभव आहे.

आता फोटोची भानगड ऐका, ही मला फार उशिरा कळली. एका पोराच्या वहीत 'पाणि', 'आणी', 'दुध' असं सगळं ऱ्हस्व-दीर्घ उलटंपालटं, आणि खाली एआयचा शेरा, 'शुद्धलेखन उत्तम आहे'. आँ? मग मी एआयला म्हटलं, तू काय वाचलंस ते जसंच्या तसं टाइप करून दाखव. तर त्यानं अक्षर वाचतानाच सगळं सुधारून घेतलेलं! म्हणजे चुका ते स्वतःच पुसतं आणि वर शाबासकीपण देतं. तेव्हापासून शुद्धलेखन माझ्या लाल पेनकडंच आहे.

आणि जिथं चुका दिसतात तिथं ते नुसतं मोजतं. आमच्याकडं निम्म्या पोरांच्या घरात तेलुगू. तेलुगूत निर्जीव वस्तू सगळ्या एकाच गटात, त्यामुळं 'तो फळा, ती शाळा, ते पुस्तक' हे त्यांना नुसतं ऐकून ऐकूनच येतं. एका मुलीचा निबंध मी मुद्दाम जसाच्या तसा टाइप करून टाकला तर 14 चुकांची यादी आली. चौदा! पोरगी बघून रडकुंडीला आली. मी बघितलं तर 'माझा शाळा', 'आपला भाषा', 'मोठा खिडकी'... चूक एकच होती बे, चौदा ठिकाणी बसलेली. आता मी एआयला सांगते की चुका मोजू नको, प्रकार सांग आणि प्रत्येक प्रकाराचं एकच उदाहरण दे. एवढ्यानं फार फरक पडतो, करून बघा.

त्याच मुलीच्या निबंधात पुढं होतं, 'आई सूप घेऊन दारात बसती आणि दिवसभर विड्या वळती.' विषय होता 'माझ्या घरातील कष्टकरी'. तर एआयचा सल्ला काय, 'सूपचे वर्णन अधिक चवदार करता येईल'! मी एकटीच स्टाफरूममध्ये हसत बसले. त्याला ते प्यायचं सूप वाटलं. आणि 'आई विड्या वळायलीय' या वाक्याचं त्यानं करून दिलं 'माझी आई विड्या वळण्याचे काम करत आहे'. असं तिच्या घरात कुणी बोलत असेल तर मला दाखवा. 'वळती'चं 'वळते' मी पण करते, बोर्डाच्या पेपरात लागतं ते, पण आईच्या तोंडचं वाक्य असेल तर तसंच राहू देते.

मग मी सांगायची पद्धतच बदलली. आता निबंधाबरोबर एवढंच लिहिते: 'मार्क देऊ नको. कौतुक करू नको. एकही वाक्य सुधारून लिहून देऊ नको. वाचताना जिथं तुला नीट कळलं नाही किंवा अजून ऐकावंसं वाटलं अशा तीन जागा सांग आणि प्रत्येक जागेवर मुलाला एक साधा प्रश्न विचार.' 'कौतुक करू नको' हे आठवणीनं लिहा, नाहीतर 'अतिशय सुंदर प्रयत्न'च्या खाली काही सापडत नाही. आलेले प्रश्न मी आधी वाचते, तीनातला एक तरी फालतू निघतोच, तो खोडते, उरलेले वहीत लिहिते आणि पोरांना म्हणते दुसऱ्यांदा लिहून आणा. सगळ्या 180 नाही हां, आठवड्याला एका तुकडीतल्या पंधराच वह्या. फिरून फिरून सगळ्यांचा नंबर लागतो.

नाव, शाळा, हजेरी क्रमांक फोटोत येऊ देऊ नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीय, आणि कायदा राहू द्या, पोरं निबंधात बापाच्या दारूपासून सगळं लिहितात. असलं काही असेल तर ती वही मी टाकतच नाही. आणि 'हा निबंध पोरानं लिहिला की एआयनं' हे सांगणाऱ्या साइटच्या नादी लागू नका, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंसुद्धा स्वतःचं असलं टूल 2023 मध्ये बरोबर ओळखत नाही म्हणून बंद केलं. त्यापेक्षा पोराला जवळ बोलवून दोन प्रश्न विचारा.

हां, तर ती सूपवाली मुलगी. नव्या पद्धतीनं टाकल्यावर एआयचा पहिलाच प्रश्न आला, 'इथे सूप म्हणजे काय? ते दारात घेऊन का बसावे लागते?' मुलीला आधी हसूच आलं, म्हणाली, 'मॅडम, याला सूप म्हाईत नाही?' आणि दुसऱ्या दिवशी लिहून आणलं: 'सूप म्हणजे आईच्या मांडीवरचं ऑफिस. त्यात तंबाखू, कापलेली पानं, कात्री आणि दोऱ्याचं रीळ असतं. घरात उजेड कमी म्हणून ती दारात बसती. हजार विड्या झाल्याशिवाय सूप खाली ठेवत नाही. मी लहान होते तेव्हा मला त्या मांडीवर जागा नव्हती.'

आठपैकी सात दिले. एक कापला, तो 'माझा शाळा'चा.